भाव नको, हिशेब विचारा
आफ्रिकेत पैसा अडकलेल्या छोट्या भागधारकांना तातडीचं आवाहन

छोट्या भागधारक बंधू-भगिनींनो,

हे आवाहन सप्टेंबरात लिहितो आहे आणि ते सप्टेंबरातच वाचलं जावं, अशी विनंती आहे. ३१ मार्चला वर्ष बंद करणाऱ्या कंपन्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ती तारीख टळली की संचालकांना तोंडावर प्रश्न विचारायला पुन्हा वर्षभर थांबायचं. आणि तुमच्यातल्या अनेकांकडे वर्षभराची उसंत उरलेली नाही.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. याला ताळेबंद वाचता येतो, अशी गल्लीत ख्याती आहे. त्यामुळे गेल्या पंधरवड्यात सात जण एकाच शेअरची चौकशी करत घरी आले. कंपनी आपल्या बाजारात नोंदलेली, कारभार सगळा आफ्रिकेत. भाव दोन वर्षांत चाळीसवरून चार रुपयांवर आलेला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण माझ्याकडेही तिचे पाचशे शेअर पडून आहेत आणि माझ्या रागाने इतरांची दिशाभूल व्हायला नको. सातही जणांचा प्रश्न एकच: "काका, आणखी घेऊन ॲव्हरेज करू, की तोट्यात काढून मोकळा होऊ?" एक म्हणतो तळ आला. दुसरा म्हणतो ऑपरेटर मुद्दाम पाडतोय. तिसऱ्याचा साडू दलालाकडे कामाला, त्याला म्हणे आतली बातमी आहे. मी प्रत्येकाला विचारलं, "कंपनीवर कर्ज किती आहे?" एकालाही सांगता आलं नाही.

आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतो आहोत. भाव तळाला गेला का, याचं उत्तर भावात सापडत नाही. ते कर्जात, रोकडीत आणि हजारो मैलांवरच्या उपकंपनीच्या हिशेबात असतं. बँकेत कर्ज देताना आम्ही अर्जदाराच्या शेअरचा भाव कधी विचारला नाही. पैसा गेला कुठे आणि परत येणार कशातून, एवढंच विचारायचो. तोच प्रश्न आता तुम्ही विचारा.

दुरून डोंगर साजरे

आफ्रिकेत पैसा असा अडकणं पूर्वीही घडलेलं आहे. बंगळूरच्या करुतुरी ग्लोबलची गोष्ट आठवा. मुंबई शेअर बाजारात नोंदलेली ही गुलाबाची कंपनी. २००७ मध्ये तिने केनियात नैवाशा सरोवराकाठची मोठी गुलाबबाग विकत घेतली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या गुलाब उत्पादकांमध्ये तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. मग इथिओपियाच्या गांबेला भागात एक लाख हेक्टर जमीन ५० वर्षांच्या कराराने मिळाली, आणि ती नीट कसली तर आणखी दोन लाख हेक्टरचं आश्वासन. भाडं हेक्टरी वर्षाला २० बिर, म्हणजे तेव्हाच्या दराने शंभर रुपयांहूनही कमी. एक लाख हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच लाख एकर. भावकीत दोन-दोन गुंठ्यांवरून कोर्टात जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा वाचून गरगरणारच.

पण जमीन बारो नदीच्या पुराच्या पट्ट्यात होती. २०११ च्या पुरात मक्याचं उभं पीक गेलं. गांबेलातल्या लोकांना सरकार जबरदस्तीने नव्या वस्त्यांत हलवत आहे, असा अहवाल ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या त्या मुलखात माणसं होती आणि वादही होता. केनियात कर खात्याने नफा दुसरीकडे वळवल्याचा ठपका ठेवला, कंपनीने तो नाकारला. फेब्रुवारी २०१४ मध्ये, गुलाबाच्या ऐन हंगामात, कर्ज देणाऱ्या बँकेने केनियातल्या बागेवर आपला रिसीव्हर बसवला. डिसेंबर २०१५ मध्ये इथिओपियाच्या सरकारने जमिनीचा करार रद्द केला. कारण दिलं की लाखापैकी फक्त १,२०० हेक्टर जमीन विकसित झाली आहे. कंपनीला ते मान्य नव्हतं, पण गुंतवणूकदाराच्या हाती काय उरलं?

पुरापासून करार रद्द होईपर्यंत चार वर्षं गेली. जाब विचारायला किंवा बाहेर पडायला चार वर्षं पुरतात. आपली खोड अशी की आपण मिळालेले हेक्टर मोजतो, कसलेले मोजत नाही.

लंडनच्या ॲफ्रेनची गोष्ट आणखी बोलकी आहे. नायजेरियात तेल काढणारी ही कंपनी एफटीएसई २५० निर्देशांकात होती. जुलै २०१४ मध्ये मंजुरीशिवाय दिल्या-घेतल्या गेलेल्या रकमांची चौकशी लागली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह दोन बडे अधिकारी निलंबित झाले. जानेवारी २०१५ मध्ये इराकी कुर्दिस्तानातल्या बर्दा रश क्षेत्रातला तेलसाठा १९ कोटी पिंपांनी कमी करून दाखवावा लागला. तिकडे तेलाचे दरही कोसळलेले. रोखेधारकांनी कंपनी वाचवायची योजना मांडली, तीत जुन्या भागधारकांचा हिस्सा पार आकसणार होता. तेव्हा कुठे छोटे भागधारक एकत्र आले आणि विरोधात उभे राहिले. पण तोवर तिजोरी रिकामी झाली होती. ३१ जुलै २०१५ ला कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि शेअरची किंमत उरली नाही. २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्या दोघांना फसवणूक आणि काळा पैसा पांढरा केल्याबद्दल दोषी ठरवलं, एकाला सहा आणि दुसऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. न्याय झाला. भागधारकाच्या पैशाच्या बाबतीत मात्र बैल गेला आणि झोपा केला, अशी गत झाली.

आफ्रिकेचं नाव काढलं की पळा, असं मी मुळीच म्हणत नाही. भारती एअरटेलने २०१० मध्ये झेन कंपनीचा १५ आफ्रिकी देशांतला कारभार १०.७ अब्ज डॉलरला घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं तोटा सोसला. २०१९ मध्ये एअरटेल आफ्रिकाचा शेअर लंडनच्या बाजारात ८० पेन्सला आला आणि पहिल्याच दिवशी पडला. नुसता भाव बघणाऱ्याला ही कंपनी बुडीतच वाटली असती. पण ग्राहक वाढत होते, धंद्यातून रोकड येत होती आणि शेअर विकून आलेला पैसा कर्ज फेडायला वापरला होता. पुढे भाव सावरला आणि मूळ किमतीच्या वर गेला. मग जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपलं चलन बाजारावर सोडलं. डॉलरला ४६० च्या आसपास असलेला नायरा २०२४ च्या सुरुवातीला १,४०० च्या पुढे गेला आणि २०२३-२४ साली याच कंपनीला तोटा दाखवावा लागला. तो मुख्यतः चलनाने केला होता. पडणारा भाव तिन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. फरक हिशेबात असतो आणि हिशेब वाचल्याशिवाय कळत नाही.

रांगेत आपण शेवटी

कंपनी दिवाळखोरीत गेली की कुणाचे पैसे आधी फेडायचे, याची रांग २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ ने लावून दिली आहे. प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारण घेतलेल्या बँका, इतर देणेकरी, सरकार असं करत करत साधा भागधारक सगळ्यांत शेवटी उभा असतो. आपल्या मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं काय झालं ते आठवा. २०२१ मध्ये नव्या मालकाची योजना मंजूर झाली आणि जुन्या शेअरची किंमत शून्य ठरली. प्रकरण न्यायाधिकरणात असतानाही लोक 'एवढा स्वस्त मिळतोय' म्हणून तो विकत घेत होते. स्वस्त वस्तूची निदान वस्तू तरी हाती राहते. इथे तीही राहिली नाही.

या महिन्यात करायची कामं

पहिलं, ॲव्हरेज करणं आजपासून थांबवा. चाळीसच्या भावाने हजार शेअर घेतले, ४० हजार गेले. आता चारच्या भावाने आणखी पाच हजार घेतले, २० हजार गेले. सरासरी चाळीसवरून दहावर आली म्हणून जिवाला बरं वाटतं. पण बाजारात भाव चारच आहे. नुसती मुद्दल सुटायला तो अडीचपट व्हावा लागेल, आणि पणाला लागलेली रक्कम आता ६० हजार झाली. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. हिशेब कळेपर्यंत एक रुपयाही आत घालू नका.

दुसरं, वार्षिक अहवाल उघडा. रंगीत पानं आणि अध्यक्षांचं मनोगत सोडून थेट लेखापरीक्षकाच्या अहवालावर जा. त्यांनी काही आक्षेप नोंदवले आहेत का? कंपनी पुढे चालू राहील की नाही, याबद्दल शंका घेतली आहे का? 'इतर बाबी' हा परिच्छेद जरूर वाचा. परदेशी उपकंपनीचे आकडे दुसऱ्या लेखापरीक्षकाने तपासले आहेत, की तपासणीच न होता व्यवस्थापनाने दिले तसे घेतले आहेत, ते तिथे लिहिलेलं असतं. मग एओसी-१ नावाचा तक्ता बघा. प्रत्येक उपकंपनीची उलाढाल, देणी, नफा-तोटा आणि चलन त्यात असतं. प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण टाकले आहेत, ते दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिसतं. या सगळ्याला एक रविवार लागेल. तुमच्या वर्षभराच्या बचतीला एक रविवार द्या.

तिसरं, प्रश्न लेखी पाठवा. सभा आता बहुधा व्हिडिओवर होते, आपल्या गावात बसून बोलता येतं. पण बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, ती मुदत सभेच्या सूचनेत दिलेली असते. भावावर भाषण करू नका. तीनच गोष्टी विचारा: आफ्रिकेतल्या उपकंपनीच्या खात्यात आज रोकड किती आहे आणि ती इथे आणता येते का? पुढच्या बारा महिन्यांत किती कर्ज फेडायचं आहे आणि ते कशातून? जमिनीचा किंवा खाणीचा परवाना कोणत्या अटींवर आहे आणि त्यातल्या किती पुऱ्या झाल्या? उत्तर टाळलं गेलं, तर तेही उत्तरच समजा.

चौथं, मत द्या. आपल्या पाचशे शेअरांनी काय होणार, असं म्हणू नका. ऑनलाइन मतदान किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होतं. प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा ठराव असेल, तर संबंधित पक्षांना त्याच्या बाजूने मत देता येत नाही. तिथे निकाल तुमच्या-माझ्या मतांवर लागतो. पैसा नात्यातल्या कंपनीत मुरण्याची वाट बरेचदा याच ठरावातून जाते.

पाचवं, एकत्र या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १५१ प्रमाणे छोट्या भागधारकांना आपला एक संचालक निवडून देता येतो. दर्शनी किमतीने २० हजार रुपयांपर्यंतचे शेअर असलेला तो छोटा भागधारक. अशा एक हजार जणांनी, किंवा एकूण छोट्या भागधारकांच्या एक दशांश जणांनी, यातला जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी, सभेच्या किमान १४ दिवस आधी सूचना द्यायची असते. म्हणून सह्या गोळा करायला आजच लागा. यंदा मुदत टळली असेल तर पुढच्या सभेसाठी यादी आत्तापासून करा.

सहावं, टीप देणाऱ्याला त्याचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक विचारा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं. कंपनी उत्तर देत नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करा. मदतीसाठी १८०० २६६ ७५७५ हा निःशुल्क क्रमांक आहे.

शेअर विकावा की ठेवावा, हे मी सांगणार नाही. मी नोंदणीकृत सल्लागार नाही आणि तुमच्या घरची गरज तुम्हालाच ठाऊक. मुलीच्या फीचे पैसे असतील तर निर्णय वेगळा, बुडाले तरी चालतील असे असतील तर वेगळा. पण तो निर्णय कागद वाचून घ्या, साडूच्या सांगण्यावरून नको.

गेल्या रविवारी त्या सातही जणांना मी घरी बसवलं. अहवाल छापून आणला होता. दोन तास चष्मे पुसत आम्ही वाचत राहिलो. 'इतर बाबी'च्या परिच्छेदात ओळ सापडली: आफ्रिकेतल्या मुख्य उपकंपनीचे आकडे लेखापरीक्षण न झालेले. ज्या धंद्याच्या भरवशावर आम्ही शेअर घेतला होता, त्याचा हिशेब कुणीच तपासलेला नव्हता. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग साडूवाल्याने पेन मागितलं आणि कंपनी सचिवांच्या नावाने पत्राचा मायना लिहायला घेतला. खाली आठ सह्या झाल्या.

तुमच्या कंपनीच्या सभेची सूचना तुमच्या ई-मेलमध्ये न उघडता पडली असेल. आज रात्री ती उघडा, मतदान बंद व्हायची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि शेजारच्या भागधारकालाही सांगा.

आपला,
एक छोटा भागधारक