स्तनांचे आरोग्य आणि निवडीचे स्वातंत्र्य

दरवर्षी ऑक्टोबर महिना उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून स्त्रियांना उपदेशाचे डोस पाजण्यास प्रारंभ होतो. वजन आटोक्यात ठेवा, नित्य चाला, फळे-भाज्या खा, मद्य वर्ज्य करा, बाळाला अंगावर पाजा, म्हणजे स्तनांच्या कर्करोगाचे भय कमी होईल, असे सांगितले जाते. या महिन्याची प्रथा १९८५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या पाठीशी ज्या रासायनिक कंपनीचा औषधविभाग उभा होता, त्याच कंपनीने या रोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध बाजारात आणले होते. तेवढ्याने हा उपदेश खोटा ठरत नाही. तो बहुतांशी खराच आहे. प्रश्न एवढाच आहे की, ज्या गोष्टींना 'निवड' म्हटले जाते त्या निवडण्याची मुभा किती स्त्रियांना आहे?

प्रथम रोगाची व्याप्ती पाहावी. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. भारतात नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यूंची सुमारे ९८ हजार होती. म्हणजे जगात रुग्णसंख्येच्या मानाने मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून कमी, तर भारतात ते निम्म्याहून अधिक. एकाच रोगाच्या परिणामांत एवढी तफावत पडते ती स्त्रियांच्या ताटातील पदार्थांमुळे नव्हे. निदान उशिरा होणे आणि उपचार न परवडणे ही तिची मुख्य कारणे आहेत.

आता उपदेशाचा शास्त्रीय आधार तपासावा. अठराव्या शतकाच्या आरंभी रामाझिनी या इटालियन वैद्याने जोगिणींमध्ये हा रोग अधिक आढळतो, अशी नोंद केली होती. १९२६ साली जेनेट लेन-क्लेपन या ब्रिटिश डॉक्टर महिलेने सुमारे ५०० रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना करून अपत्यजन्म व स्तनपान यांचा या रोगाशी असलेला संबंध पुढे आणला. २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र केल्यावर असे दिसले की, स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील मेदामध्ये इस्ट्रोजेन हा संप्रेरक तयार होत राहतो; म्हणून त्या वयात लठ्ठपणा घातक ठरतो. मद्य थोडे घेतले तरी धोका वाढवते. शारीरिक हालचाल तो कमी करते. इतके पुराव्याने सिद्ध आहे.

विशिष्ट अन्नपदार्थांविषयी मात्र एवढ्या ठामपणे बोलता येत नाही. अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारातील स्निग्ध पदार्थ कमी केलेल्या गटात हा रोग किंचित कमी आढळला. पण तो फरक योगायोगाचा नव्हे असे खात्रीने म्हणण्याजोगा नव्हता. तेव्हा अमुक चूर्ण किंवा तमुक बी खाल्ल्याने हा रोग टळतो, असे सांगून डबे विकणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जवळजवळ निम्म्या रुग्णांत स्त्री असणे आणि चाळिशी ओलांडणे यांपलीकडे कोणतेही कारण सापडत नाही. रुग्ण स्त्रीला 'तूच कुठेतरी चुकलीस' असे सुचविणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर मुंबईची कर्करोग नोंदवही १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदवही १९८७ पासून ठेवली जात आहे. मुंबईच्या तुलनेत बार्शीच्या परिसरात या रोगाचे प्रमाण बरेच कमी आढळते. लवकर होणारी बाळंतपणे, अधिक अपत्ये, दीर्घकाळ स्तनपान आणि अंगमेहनत ही त्याची कारणे मानली जातात. परंतु या आकड्यांवरून खेड्यातील जीवनाचे गोडवे गाणे चुकीचे ठरेल. अल्पवयात लादलेले मातृत्व आणि अपुऱ्या अन्नावर उपसलेले कष्ट यांना आरोग्यदायी जीवनशैली म्हणणे ही थट्टाच होय.

आता एकेक 'निवड' घेऊ. स्तनपानाला वेळ लागतो आणि वेळेला किंमत आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील १२ आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. पण देशातील बहुसंख्य श्रमिक स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ही रजा नाही. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत ठेवून ती काम करते. तिला स्तनपानाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. तिला हवी आहे भरपगारी रजा आणि फडाजवळची पाळणाघरे. दुधाच्या भुकटीच्या कंपन्यांविरुद्ध १९७७ साली सुरू झालेला बहिष्कार, १९८१ ची जागतिक आचारसंहिता आणि १९९२ चा भारतीय कायदा यांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे : आईच्या खाजगी वाटणाऱ्या निर्णयाभोवतीही बाजारपेठ उभी असते आणि तिला कायद्याने वेसण घालता येते.

आहाराचेही तेच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याच वेळी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. उपासमार आणि लठ्ठपणा एकाच समाजात, पुष्कळदा एकाच वस्तीत, शेजारी नांदत आहेत. रेशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू मिळतात. डाळ, भाजी, फळे बाजारभावाने घ्यावी लागतात. पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मैदा, साखर आणि तेल यांतून जात असेल, तर वाढत्या वजनाचा दोष एकट्या स्त्रीच्या जिभेला देता येत नाही.

व्यायामाचा उपदेश शेतमजूर स्त्रीला करण्याची सोय नाही. सोलापुरात दिवसभर एका जागी बसून विड्या वळणारीला तो पाळण्याची फुरसत नाही. रात्रपाळीबाबत तर निवडीचा आभासही उरत नाही. दिवस-रात्रीची घडी मोडणारे पाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली दिला आणि २०१९ साली रात्रपाळीबाबत तो कायम केला. २००७ नंतरच्या दोन वर्षांत डेन्मार्कमध्ये अनेक वर्षे रात्रपाळी केलेल्या काही रुग्ण स्त्रियांना भरपाईही मिळाली. भारतात २०२० च्या श्रमसंहितेने स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळी करण्याची मुभा दिली. समान संधी म्हणून ती स्वागतार्ह असेल. पण ज्या घरात पगाराशिवाय चूल पेटत नाही, तिथल्या संमतीचे मोल काय, हेही विचारावे लागेल.

यावर कोणी म्हणेल की, सारा दोष व्यवस्थेवर टाकल्याने स्त्री हतबल होते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. व्यवस्था बदलेपर्यंत रोग थांबत नाही, आणि आज करता येण्यासारखे पुष्कळ आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांबाबत एक मोठा प्रयोग सुरू केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनतपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नाही, डॉक्टरही नाही. शिकविलेले हात आणि नियमित भेट एवढीच त्यामागील सामग्री! सरकारने २०१६ साली तिशीपुढील स्त्रियांच्या तपासणीची योजना आखली. तरीही उपर्युक्त पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया एक टक्काही भरल्या नाहीत.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. वस्तीतील बैठकीत 'स्तन' हा शब्द न चाचरता उच्चारला गेला पाहिजे. न दुखणारी गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्ताळ स्राव, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच दवाखाना गाठावा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासूनच ठरते, एवढे प्रत्येक घरी पोचले पाहिजे. पुरुषांनाही ते सांगितले पाहिजे, कारण दवाखान्याचा खर्च आणि वेळ यांचा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच हाती असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस ठरला आहे काय, तो पाळला जातो काय, याचा जाब विचारला पाहिजे. आणि रेशनवरील डाळ, असंघटित स्त्रीची प्रसूतिरजा, फडावरचे पाळणाघर व रात्रपाळीवरील मर्यादा या मागण्या निवेदनांत आरोग्याच्या मागण्या म्हणून नोंदविल्या पाहिजेत. उपदेश पाळण्याइतकी मोकळीक श्रमिक स्त्रीला मिळाली, तर पुरवण्यांतील तो उपदेश तिच्याही कामाचा ठरेल.