झूमचं भिंग

जळगाव असो की धुळे, लग्नसराईत एक दृश्य हमखास दिसतं. मांडवाच्या टोकाला एक तरुण उभा असतो. गळ्यात दीड किलो वजनाची, दुधीभोपळ्याएवढी लेन्स. पन्नास फुटांवर बसलेल्या वधूच्या आजीचा फोटो तो जागचा न हलता काढत असतो. आजीला पत्ताच नसतो. ती जावेच्या नव्या पैठणीकडे बघून नाक मुरडत असते. पुढे हाच फोटो ‘कॅन्डिड’ म्हणून वेगळ्या दराने विकला जातो.

माझं भांडण या लेन्सशी आहे. माणसाचा चेहरा टिपायचा तर ठरलेल्या नजरेची फिक्स लेन्स हवी, जिला आता मंडळी प्राइम म्हणतात. चेहऱ्यापुरती झूम ही आळशांची सोय आहे.

मी बी.कॉम. असल्यामुळे आधी हिशेब. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची झूम पूर्ण लांबवली की तिचं तोंड ५.६ पर्यंतच उघडतं. ५० मि.मी.ची साधी प्राइम १.८ पर्यंत उघडते. इथे आकडा लहान तितकं तोंड मोठं. आमच्या टोकनसारखंच, नंबर लहान तितका माणूस खिडकीच्या जवळ. म्हणजे प्राइममधून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! ७ टक्के चक्रवाढीने पैसे दहापट व्हायला ३४ वर्षं लागतात, हे मी काउंटरवर रोज सांगतो आणि लोक रोज हिरमुसतात. इथे ते एका क्षणात होतं, आणि लेन्सचं वजन जेमतेम एका मोठ्या केळ्याएवढं. माजघरात एका खिडकीच्या उजेडात आईचा फोटो घ्यायचा तर याच दहापटीवर सगळं अडतं. झूमवाला तिथे फ्लॅश मारतो आणि आई नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखी दिसते. २.८ च्या झूम असतात, नाही कोण म्हणतो? पण त्या किमतीत मोटारसायकल येते.

झूमवाले म्हणतात, “काका, आमच्या लेन्समध्ये ८५ पण आहे, १०० पण आहे, २०० पण आहे!” अहो, सगळं आहे म्हणूनच पाय हलत नाहीत. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती भिंगामुळे नव्हे, अंतरामुळे. दीड फुटावरून काढला की नाक पुढे धावतं आणि कान मागे राहतात. पन्नास फुटांवरून काढला की सगळा चेहरा कळण्याच्या भाकरीसारखा सपाट. कॅमेरा मोठ्या चौकटीचा असेल तर ८५ च्या प्राइमने डोकं-खांदे घ्यायला पाच-सहा फुटांवरच उभं राहावं लागतं. आणि पाच-सहा फूट म्हणजे ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलायचं अंतर! एवढ्या जवळ येऊन मुकाट राहता येत नाही. “मावशी, गुडघा कसा आहे?” असं विचारावंच लागतं. मावशी गुडघ्यावर बोलायला लागल्या की त्यांचा खरा चेहरा वर येतो.

जुन्या स्टुडिओत याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा असायचा. त्याचं ८० मि.मी.चं भिंग काढता येत नसे, बदलता येत नसे. स्टुडिओवाला उठून यायचा, स्वतःच्या हाताने आपली हनुवटी खाली करायचा आणि परत जायचा. दिवसभरात मैल-दोन मैल चालणं होत असेल. फोटोच्या कॅमेऱ्यासाठी झूम जर्मनीत १९५९ सालीच निघाली होती, पण ती धुळ्याच्या आग्रा रोडवर काही लगेच उतरली नाही. तेवढीच पाहुण्यांच्या हनुवट्यांची सोय झाली.

चालण्यावरून आठवलं. आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावला, केकी मूस राहत. १९८९ साली गेले. हा माणूस कित्येक दशकं घराबाहेर जवळपास पडलाच नाही, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खा देखावा उभा करायचा. तिथे वस्तू बोटभर सरकली तरी सगळं बदलतं. आमचे झूमवाले खान्देश पालथा घालतात आणि मांडवात दोन पावलं टाकत नाहीत!

अंतरपाट दूर होताना गर्दीत हलता येत नाही, तिथे खुशाल झूम लावा. वाघालाही झूमच लावा. त्याला जवळ जाऊन गुडघ्याचं विचारू नका.

पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय? माणूस जातो आणि दहाव्याच्या आत फोटो हवा असतो. अल्बम उपसले जातात. एकट्याचा, समोर बघणारा फोटो नसतोच. मग कुठल्यातरी लग्नातला, लांबून खेचलेला कापून काढतात. खांद्यावर कोणाचं तरी कोपर राहून जातं. त्याला चौकट बसते, हार चढतो, आणि पुढची तीस वर्षं आप्पा भिंतीवरून जिलबीच्या ताटाकडे बघत राहतात.

म्हणून माझी जाहीर ऑफर आहे. सत्तरीपुढच्या माणसाचा फोटो पाच फुटांवर येऊन काढणाऱ्याला मी ‘कॅन्डिड’च्या दुप्पट दर देईन. चहा मात्र घ्यावा लागेल. आप्पा चहाशिवाय कोणाला सोडत नाहीत, आणि चहा होईपर्यंत १९७२ चा दुष्काळ सांगतात.