रिपीट अगेन, प्लीज!

कॉन्फरन्स कॉल. पलीकडे क्लायंट, अलीकडे आम्ही चौघं आणि मध्ये खरखरणारा स्पीकर. आमच्या टीममधला नवा पोरगा म्हणाला, ‘‘प्लीज रिपीट.’’ क्लायंटनं पुन्हा सांगितलं. तरी कळेना. तेव्हा हा म्हणतो, ‘‘प्लीज रिपीट अगेन.’’ मी म्यूट दाबलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, ‘‘अरे, रिपीटमध्येच अगेन आलं ना! पिवळा पीतांबर कशाला?’’ सगळे फिदीफिदी हसले. मीही जाम खूश. इंग्लिशचा फंडा क्लिअर असल्याचा माज, दुसरं काय!

पुढच्या कॉलला आकडा नीट ऐकू आला नाही. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’? पण परत हसतील म्हणून तो गप्प बसला. कोटेशन गेलं 50 जणांचं, हवं होतं 15 चं. निस्तरायला तीन दिवस लागले आणि बोलणी मी खाल्ली.

त्या रात्री डिक्शनरी उघडली. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगणं म्हणजे रिपीट. तिथं ‘अगेन’ जास्तीचंच. पण एकदा रिपीट करून झालंय आणि तेच परत हवंय, तर? तर ‘रिपीट अगेन’ चक्क बरोबर! म्हणजे पोरगा बरोबर होता, चुकले होते मी.

आणखी एक गंमत. लॅटिनमध्ये ‘इटेरम’ म्हणजे पुन्हा. त्यावरून ‘इटरेट’ म्हणजे पुन्हा करणं. त्याला वर ‘री’ जोडून झालं ‘रीइटरेट’. म्हणजे पुन्हा पुन्हा! पण साहेब मीटिंगमध्ये ‘आय रीइटरेट’ म्हणतात, तेव्हा कुणाची हसायची टाप आहे?

ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करात तर वायरलेसवर ‘रिपीट’ म्हणायचंच नाही. तोफखान्यात त्याचा अर्थ ‘तसाच मारा पुन्हा करा’! म्हणून तिथं ‘से अगेन’ म्हणतात. वैमानिकही तेच म्हणतात. आपल्याकडे बारमधला वेटर ‘रिपीट?’ विचारतो, तेही तसं ‘मारा चालू ठेवू का’ असंच की!

तर मंडळी, ऐकू आलं नाही तर बिनधास्त विचारा. आकडा असेल तर ‘वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो?’ असं सुटं करून विचारा. ग्रामर नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डेस्कपाशी जाऊन सॉरी म्हटलं. हेडफोन काढत तो म्हणाला, ‘‘काय मॅडम? रिपीट?’’ मी पुन्हा म्हटलं. तो गालातल्या गालात हसला, ‘‘रिपीट अगेन?’’

तिसऱ्यांदाही म्हटलं.