सुलभाने घर टाकले, आणि चाकरमान्याने?

संपादक महोदय,

'उंबरठा'वरचा आपल्या अंकातला लेख वाचला. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटीलचा अभिनय, सगळ्यांना भरभरून दाद दिली आहे. पण ज्या कादंबरीवरून १९८२ साली हा चित्रपट आला, त्या 'बेघर'चे आणि शांता निसळ यांचे नाव लेखात औषधालाही नाही. असो, माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे.

लेखक म्हणतात, सुलभा महाजन लहानग्या मुलीला जावेवर सोपवून महिलाश्रमातल्या नोकरीवर निघून जाते, तिथेच ती प्रेक्षकाच्या मनातून उतरते. कुठल्या प्रेक्षकाच्या? आमच्या पेण-रोह्याकडचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. गिरणीत, गोदीत राबले, गणपतीला नि शिमग्याला तेवढे घरी आले. कित्येक पोरे बापाला बघून आजीच्या पदराआड लपायची. तरी कोणी त्यांच्या बापपणावर बोट ठेवले नाही. उलट चाकरमानी आला म्हणून अर्धी आळी एसटीच्या थांब्यावर जायची.

बाईने कमवायला इथे कोणाची ना नाही. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत सण जवळ आला की बायका रात्री उशिरापर्यंत मूर्ती रंगवतात, पोर तिथेच पोत्यावर झोपलेले असते. त्यांचे कौतुक होते. दिवा-रोहा गाडीत भाजी निवडत येणारीचेही होते, कारण आठ-नऊला का होईना, ती घरी पोचते आणि कुकर लावते. सुलभाची नोकरी मुक्कामाची. एवढाच तिचा गुन्हा.

'आश्रमाच्या प्रसंगांत कौटुंबिक नाट्याची पकड सुटते' हा आक्षेपही मला पटला नाही. आश्रमातल्या त्या बायका आल्या कुठून? घरांनी हाकलल्या म्हणूनच ना? त्यांतल्या दोघी जाळून घेतात, तेव्हा चौकशीला उभी राहते ती सुलभाच. राजीनामा देऊन घरी परतते, तर नवऱ्याने दुसरी बाई जवळ केलेली. तो ते लपवत नाही, हा त्याचा मोठेपणा लेखकांना भावला. त्याच्या कबुलीला पैकीच्या पैकी गुण आणि तिचे मात्र मुलीपायी गुण वजा, ही कुठली तपासणी?

सुलभाचा नवरा सुभाष महाजन बाप म्हणून कसा होता, यावर लेखात एक ओळ नाही. मुलगी तर त्याच्याच घरात होती. मग तिला सांभाळायला जाऊ का लागली?

आपली,
एक वाचक, रोहा (जि. रायगड)