'टेक'चं घेणं

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच धड्यात सांगतात, 'टेक म्हणजे घेणे'. सांगणाऱ्याचं चुकत नाही. पण पुढची दहा वर्षं मूल त्याच एका अर्थावर काढतं, आणि तिथे घोळ होतो. कारण हे क्रियापद म्हणजे इंग्रजीच्या घरातला हरकाम्या गडी. औषध, बस, परीक्षा, फोटो, निर्णय, वेळ, कुणाची बाजू, कुणाचा जीव, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. त्याला पुढे 'ऑफ', 'ओव्हर', 'आफ्टर' अशी शेपटं लावली की विमान उडतं, कंपनी ताब्यात जाते आणि मुलगी आईच्या वळणावर जाते.

आपण ही कामं वाटून दिलेली आहेत. औषध घेतो, बाजू घेतो, निर्णयही घेतो. पण फोटो काढतो, बसने जातो, आणि वेळ 'लागतो'. 'हे पुस्तक घे' आणि 'हे पुस्तक आजीकडे ने' ही दोन वाक्यं इंग्रजीत एका क्रियापदावर भागतात, आपल्याला दोन लागतात. कोंकणीतही 'घे' वेगळं आणि 'व्हर' वेगळं. परीक्षेत तर सगळा मामला उलटाच. इंग्रजीत परीक्षा 'टेक' करतो तो विद्यार्थी. मराठीत परीक्षा घेतात ते मास्तर, विद्यार्थी बिचारा देतो किंवा बसतो.

गंमत म्हणजे 'टेक' हा शब्द मूळचा इंग्रजीचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेण्याला 'निमन' म्हणत. जर्मन भाषेत त्याचा भाऊ 'नेहमेन' आजही नांदतो आहे. नवव्या शतकापासून उत्तरेकडून आलेले व्हायकिंग इंग्लंडात वस्ती करून राहिले, शेजारी झाले, सोयरे झाले, आणि त्यांचा 'टाका' इंग्रजांच्या तोंडी बसला. पुढे 'निमन' हळूहळू मागे पडला. बधिर या अर्थाच्या 'नम'सारख्या एखाद्या शब्दात त्याची खूण तेवढी उरली. एक क्रियापद आत आलं आणि दुसरं घराबाहेर पडलं.

आपल्याकडे काय झालं? १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षं पोर्तुगीज गोव्यात होते. जनेल, मेज, चावी, साबण, बटाटा असे शब्द आपण त्यांच्याकडून उचलले. पण जनेल आपण उघडतो, मेज पुसतो, बटाटा सोलतो. नामं त्यांची, क्रियापदं आपली. इंग्रजीचंही तेच: फोन करतो, तिकीट काढतो, ब्रेक मारतो. 'तिकीट काढलं' हे वाक्य मला पूर्ण मराठी वाटतं.

म्हणूनच मराठीत इंग्रजी शब्द किती शिरले याची मोजदाद करणाऱ्यांशी माझं जमत नाही. शब्द पाहुणे असतात, बसतात आणि रुळतात. मला काळजी आहे ती वेगळ्याच वाक्यांची. 'मी पुढची बस घेते.' 'एक फोटो घेऊ का?' 'या कामाला दोन तास घेतील.' या वाक्यांत खटकणारा इंग्रजी शब्द दाखवा पाहू! आहेत ते सगळे शब्द रुळलेले, आणि तरीही बोलतोय तो 'टेक'. आमच्या आजीने 'बस घेते' ऐकलं असतं तर मुलगी बसची मालकीण झाली म्हणून आनंदाने साखर वाटली असती. निरोप घेतानाचं 'काळजी घे' असंच. पूर्वी ते आजाऱ्याला किंवा लांबच्या प्रवासाला निघालेल्याला सांगत. आता भाजी आणायला निघालेल्यालाही सांगतात, आणि साधं 'येतो हं' मागे पडतं.

भाषा बदलतेच, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण बदलताना काय हातचं जातं तेही पाहावं. सगळीकडे 'घेणे' चालू लागलं की 'काढणे', 'लागणे', 'नेणे' यांना काम उरणार नाही. आठवण काढणे, खोडी काढणे, रांगोळी काढणे, हलाखीत दिवस काढणे: एका 'काढणे'त केवढा संसार आहे! 'टेक'इतकाच तोही हरकाम्या, पण त्याची यादी पाठ करायला कुणी आपल्याला शाळेत बसवलं नाही.

माझं शिक्षकांना एवढंच सांगणं आहे, की 'टेक म्हणजे घेणे' असं फळ्यावर लिहू नका. 'टेक'ची दहा वाक्यं लिहा आणि मुलांना विचारा, हे तुमच्या घरी कसं म्हणतात? कुणी मराठीत सांगेल, कुणी कोंकणीत. दहा वाक्यांना सहा-सात वेगळी क्रियापदं सहज निघतील. त्या तासाला मुलं इंग्रजीही नीट शिकतील आणि आपल्या घरात काय काय आहे तेही त्यांना कळेल.