पंचनामा मराठीत असतो

भिवंडीचे नाव वर्तमानपत्रात आले की पाठोपाठ ‘अतिसंवेदनशील’ हा शब्द येतोच. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसे आली, बारा बारा तास लूमवर उभी राहिली, त्यांनी देशाला कापड पुरवले. पण पोलिसांच्या दप्तरात या शहराचा इतिहास तीनच सालांचा : 1970, 1984 आणि 2006. मधल्या वर्षांत इथे जणू कोणी राहतच नव्हते!

हा इतिहास आपण स्वतः तरी नीट वाचला आहे का, हा माझा सवाल आहे. आपल्याकडे तो वाचला जात नाही, फक्त रडला जातो.

7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. भिवंडीत 78 माणसे मेली, त्यांत 59 मुसलमान होते. न्यायमूर्ती मादन आयोगाने दंगलीची चौकशी तर केलीच, शिवाय दंगलीनंतर पोलिसांनी केलेल्या तपासाचीही चौकशी केली. तपास पथकाने धर्म पाहून भेदभाव केला, मुसलमानांना खोट्या गुन्ह्यांत गोवले, असे एका न्यायमूर्तींनी सरकारी अहवालात लिहून ठेवले. आपल्या किती घरांत, किती वाचनालयांत हा अहवाल आहे? ‘पोलीस आमचे ऐकत नाहीत’ हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर रोज बोलतो. त्याचा लेखी पुरावा पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहे, तो मात्र आपण उघडत नाही.

मे 1984 मध्ये पुन्हा आग लागली. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेच्या वर माणसे गेली. अन्सारी बागेत आश्रयाला आलेली माणसे जाळली गेली. लोकांना वाटले, हे शहर आता असेच जळत राहणार.

पण तसे झाले नाही. 1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. या कमिट्यांत पुढारी आणि मौलाना-महाराजांपेक्षा साध्या माणसांना स्थान होते. हिंदू-मुसलमान एकत्र बसत, समोर त्याच भागाचा पोलीस असे. बोलणे नळाचे, गटाराचे, शेजाऱ्याच्या भांडणाचे. पोलिसाला गल्ली कळली आणि गल्लीला पोलीस कळला. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत 900 माणसे मेली, तेव्हा हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. माणसे तीच, मशिदी-मंदिरे तीच, यंत्रमाग तेच. बदलली होती ती फक्त पोलिसांची काम करण्याची रीत. मग दंगल हा आमच्या रक्तातला रोग आहे, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

उत्तर आपणही द्यायचे आहे. खोपडे बदलून गेले आणि कमिट्या हळूहळू कागदावर उरल्या. एका भल्या अधिकाऱ्याची मेहेरबानी म्हणून आपण तो प्रयोग स्वीकारला, हक्क म्हणून मागितला नाही. त्याच्या जागी ‘शांतता समिती’ आली. सणाच्या आदल्या आठवड्यात तेच पाच-दहा चेहरे, तोच हार, तोच चहा, तोच फोटो. त्या बैठकीत तुमची-माझी फिर्याद कधी निघते का? 5 जुलै 2006 रोजी कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तंटा पेटला. गोळीबारात दोन जण मेले आणि त्या रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. गोळीबाराबद्दल आपण पुष्कळ बोललो. त्या दोन शिपायांबद्दल किती बोललो? तेही कुणाचे तरी बाप, कुणाचे तरी भाऊ होते. हे स्पष्ट न बोलता आपण न्याय मागायला गेलो, तर आपला आवाज अर्धाच राहील.

काही बांधव म्हणतील, बाई, मालेगाव विसरलात काय? विसरले नाही. तेही आपल्यासारखेच यंत्रमागाचे गाव. 8 सप्टेंबर 2006 ला शबे-बरातीच्या दिवशी कब्रस्तानात आपलीच माणसे स्फोटात मेली आणि पकडलीही आपलीच नऊ माणसे गेली. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते 2016 मध्ये. त्यांच्या तारुण्याची भरपाई कोण करणार? हा संताप रास्तच आहे. पण ही माणसे सुटली ती कागदपत्रांतून आणि न्यायालयातून, घोषणांनी नव्हे. संताप खरा असेल तर तो कागदावर उतरला पाहिजे.

आणि इथेच माझ्या पेशाचा प्रश्न येतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दू माझी मादरी जबान आहे, तिच्यावर माझे प्रेम आहे. पण या राज्यात फिर्याद, पंचनामा, पोलीस भरतीची लेखी परीक्षा, सारे मराठीत असते. आपला माणूस न वाचता येणाऱ्या कागदाखाली उर्दूत सही करतो आणि नंतर म्हणतो, पोलिसांनी भलतेच लिहिले! आमच्या शाळांत मराठीचा तास म्हणजे पास होण्यापुरता तास. मराठी ही बाजाराची भाषा, असे म्हणून तिला टाळणारे आपल्या मुलांना ठाण्याच्या पायरीवर मुके उभे करत आहेत.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तोंडी फिर्याद लिहून घेऊन ती वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत द्यावी लागते. तपासात साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावर त्याची सही घेता येत नाही. हे दहावीच्या मुलाला कळू शकते, समजावणारा हवा.

गुन्हा म्हणजे केवळ दंगल, हेही आपणच मान्य करून बसलो आहोत. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीत एक इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. लूमवर शाळकरी पोर राबते, कारखान्यात कामगाराचे बोट तुटते. हे गुन्हे नव्हेत? यांच्यासाठी कुठली शांतता समिती बसते?

तेव्हा मागणी साधी आहे. मोहल्ला कमिट्या कायद्याच्या आधाराने, कायमच्या हव्यात, अधिकाऱ्याच्या मर्जीवर नकोत. त्यांत स्त्रिया हव्यात, लूमवरचा कामगार हवा. आणि आपल्या मुलामुलींनी पोलीस भरतीच्या मैदानात उतरावे, मराठीत पेपर लिहावा. आजवर आपला पंचनामा दुसऱ्यांनी लिहिला. तो वाचायला शिकणे ही पहिली पायरी, तो लिहिणाऱ्यांत आपण असणे ही दुसरी. एवढे केल्याशिवाय ‘संवेदनशील’ हा शिक्का पुसला जाणार नाही.