शंभर व्होल्टचा हिशोब

दिवाळीत भाचा साकोलीला आला होता. यंदा बारावीला आहे, नागपूरला शिकवणी. फराळ झाल्यावर वही पुढे करून म्हणाला, "मामाजी, मला फिजिक्स जमत नाही. सोडून द्यावं म्हणतो."

गणित साधं होतं. एक इलेक्ट्रॉन १०० व्होल्टचं विभवांतर पार करून आला आहे. तो आणखी १०० व्होल्ट पार करतो. आता वेग किती? शिकवणीत एक 'झटपट सूत्र' पाठ करून घेतलेलं: व्होल्टचं वर्गमूळ काढा, ५९३ ने गुणा, सेकंदाला किती किलोमीटर ते मिळतं. पहिल्या टप्प्याचे याने काढले ५९३०, बरोबर. दुसऱ्या टप्प्याचे पुन्हा ५९३० मिळवले आणि उत्तर लिहिलं ११,८६०. खरं उत्तर सुमारे ८३९०.

चूक पोराची नाही, मंडळी. त्याला सूत्र दिलं, पण ते कशाचं आहे हे कुणी सांगितलंच नाही.

विभवांतर वेग देत नाही, ऊर्जा देतं. प्रभार गुणिले विभवांतर म्हणजे गतिज ऊर्जेतली वाढ, बस्स. दोन्ही टप्प्यांत ऊर्जा सारखीच मिळाली. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून दुसऱ्या वेळी वेग फक्त २४६० ने वाढला. तिसरे १०० व्होल्ट द्या, वाढ आणखी कमी, १८८० च्या आसपास.

हे समजायला नागपूरला जावं लागतं का हो? आपल्या भंडारा-गोंदियात कोहळी लोकांनी बांधलेले मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव, माझा काही संबंध नाही!) गावोगावी आहेत. पाळीच्या बुडातून धानाला पाणी सोडतात. तलावात पाणी चौपट उंच असेल तर धार चौपट वेगाने येत नाही, फार तर दुप्पट. तिथेही वर्गमूळच. उंचीच्या जागी विभवांतर ठेवा, झालं. फरक एवढाच की इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण, त्यामुळे त्याचा उतार उलटा: जास्त विभवाकडे जाताना तो वेग घेतो.

भाऊजी म्हणाले, "तुझं बरोबर आहे रे, पण परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभरही नसतो. तलाव आठवत बसला तर मार्क कोण देणार?"

भाऊजी, राग नसावा, पण याच्याशीच माझं भांडण आहे. ऊर्जेचं समीकरण एका ओळीचं आहे, त्यातून सूत्र निघायला दहा सेकंद पुरतात. पाठ केलेलं सूत्र मात्र प्रश्न जरा हलला की आडवं पडतं. इलेक्ट्रॉनऐवजी प्रोटॉन दिला, ५९३ गेलं. आधीचा वेग दिला, गेलं. दहा लाख व्होल्ट दिले तर ते सूत्र प्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट वेग सांगतं! प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या ९४ टक्क्यांवरच राहतो, कारण तिथे आइन्स्टाइनचा हिशोब लागतो. मिळालेली ऊर्जा मात्र तेव्हाही तीच, प्रभार गुणिले विभवांतर.

मुंबईला कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, १९८८ साली पेलेट्रॉन त्वरक सुरू झाला. मध्यभागी १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतचा धन विभव. ऋण आयन तिकडे ओढला जातो. तिथे पातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि तो धन होतो. मग तोच विभव त्याला पुढे ढकलून देतो. एकाच व्होल्टेजचा दोनदा उपयोग! ज्याने प्रभाराचं चिन्ह आणि ऊर्जा धरून विचार केला, त्याला ही गंमत लगेच कळते. ५९३ पाठ करणाऱ्याला जन्मात कळायची नाही.

संध्याकाळी भाच्याने तेच गणित ऊर्जेवरून पुन्हा सोडवलं. उत्तर आलं. मग स्वतःहून विचारलं, "इलेक्ट्रॉन उलटा, जास्त विभवाकडून कमीकडे पाठवला तर थांबेल का, मामाजी?"

थांबेल रे बाबा. १०० व्होल्टवर मिळवलेलं सगळं १०० व्होल्टवर परत देऊन थांबेल.

हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला 'फिजिक्स जमत नाही' असं वाटायला लावलं कुणी? आपणच ना, पटापट उत्तरं मागून?

असो. तो फिजिक्स सोडत नाहीये, सध्या तरी.